टोपीवरची फौज आणि रस्त्यावर धावणारे पोट्टे

"लोगोवर कोणी पीएच.डी. करते का बे?" हा प्रश्न मला विद्यापीठात कोणी विचारला नाही, पण तुमसरला घरी आलो की पानठेल्यावर हमखास विचारला जातो. करतात. मी करतोय. माझा विषय आहे खेळाडूंच्या अंगावरची चिन्हं. जर्सी, टोपी, हातमोजे, दंडावरची पट्टी यांवर काय चालतं, काय चालत नाही आणि ते ठरवतं कोण. आज त्यातला सगळ्यात नाजूक भाग तुमच्यासमोर ठेवतो, तो म्हणजे खेळाच्या कपड्यांवर येणारं फौजेचं चिन्ह.

सुरुवात आपल्या जवळून करू. 5 मार्च 2019 ला नागपूरजवळ जामठ्याच्या मैदानावर भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामना झाला. कोहलीचं शतक, शेवटच्या षटकात विजय शंकरचे दोन बळी आणि भारताचा 8 धावांनी विजय, हे तुम्हाला आठवत असेल. पुढचा सामना तीनच दिवसांनी, 8 मार्चला, रांचीत होता. तिथे भारतीय संघ मिलिटरी प्रिंटच्या टोप्या घालून उतरला. त्याआधी 14 फेब्रुवारीला पुलवामात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे, म्हणजे सीआरपीएफचे, 40 जवान मारले गेले होते. त्यांतले दोघे आपल्या विदर्भातले, बुलढाणा जिल्ह्यातले. टोप्या त्यांच्या स्मरणार्थ होत्या, आणि खेळाडूंनी सामन्याचं मानधन राष्ट्रीय संरक्षण निधीला दिलं. पाकिस्तानच्या क्रिकेट मंडळानं हरकत घेतली. आयसीसीनं उत्तर दिलं की निधी आणि श्रद्धांजलीसाठी आम्ही आधीच परवानगी दिली होती. विषय संपला.

तीन महिन्यांनी, 5 जूनला, विश्वचषकात साउदम्प्टनच्या मैदानावर धोनीच्या यष्टिरक्षणाच्या हातमोज्यांवर एक खंजीर दिसला. तो 'बलिदान' बिल्ला होता, पॅरा स्पेशल फोर्सेसचा. धोनीला 2011 पासून प्रादेशिक सेनेत मानद लेफ्टनंट कर्नल हा हुद्दा आहे. या वेळी आयसीसीनं नाही म्हटलं. नियमात वैयक्तिक संदेशाला जागा नाही आणि हातमोज्यांवर अशा चिन्हालाही नाही. देशभर गदारोळ झाला. पुढच्या सामन्यात धोनी साधे हातमोजे घालून आला.

आता एक योगायोग बघा. रांचीच्या त्याच सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या उस्मान ख्वाजानं एकदिवसीय क्रिकेटमधलं पहिलं शतक ठोकलं होतं. डिसेंबर 2023 मध्ये गाझातल्या युद्धाच्या पार्श्वभूमीवर त्याला बुटांवर 'सगळे जीव सारखे' अशा अर्थाचं वाक्य लिहून खेळायचं होतं. मनाई झाली. त्यानं काळी पट्टी बांधली, त्यावर ताकीद मिळाली. मग बॅटवर कबुतर आणि ऑलिव्हच्या फांदीचं चित्र लावू द्या म्हणाला, तेही नामंजूर. म्हणजे टोपी चालली, खंजीर नाही, कबुतर तर नाहीच.

इथे सोपा निष्कर्ष काढायचा मोह होतो की आयसीसी दुटप्पी आहे. असेलही. पण तेवढ्यावर थांबलो तर हाती फार काही लागत नाही. संशोधनात मी प्रत्येक वादाला तीनच प्रश्न विचारतो. चिन्ह कोणाचं आहे? ते लावायचा निर्णय कोणी घेतला? आणि त्या चिन्हामुळे कोण दिसेनासं होतं? टोपीचा निर्णय मंडळाचा होता. खंजीर आणि कबुतर एकेका खेळाडूचे. संस्थेनं एकत्र केलं की तो 'सन्मान' होतो आणि एकट्यानं केलं की 'वैयक्तिक संदेश'. नियमाची खरी रेघ ही आहे. राजकारण आहे की नाही, यावर ती आखलेलीच नाही.

विनिपेगचं विमान

हा वाद फक्त आपला नाही. कॅनडातल्या विनिपेग शहराचा 'जेट्स' हा आइस हॉकी संघ 1996 मध्ये अमेरिकेत गेला होता. 2011 मध्ये अटलांटाचा संघ उचलून विनिपेगला आणला गेला आणि जुनं नाव परत मिळालं. जुलैमध्ये नवा लोगो आला. कॅनडाच्या हवाई दलाच्या गोल चिन्हावरून घेतलेलं वर्तुळ, त्यात लाल मेपलचं पान, आणि पानावर लढाऊ विमान. तो संरक्षण खात्याशी सल्लामसलत करून बनवला होता. जर्सीचं अनावरणही तिथल्या हवाई दलाच्या तळावर झालं.

समर्थक म्हणाले, शहराचं हवाई दलाशी जुनं नातं आहे, नावच 'जेट्स' आहे, मग विमान नको तर काय बदक लावायचं? शिवाय क्लब सैनिकांसाठीच्या संस्थांना मदत करणार होता. विरोधक म्हणाले, जुन्या लोगोतलं विमान प्रवासी वाटायचं, हे बॉम्ब टाकणारं आहे, आणि पोरं ते छातीवर लावून हिंडणार. हेही लक्षात घ्या की त्याच उन्हाळ्यात कॅनडाची लढाऊ विमानं लिबियात मोहिमेवर होती. चिन्ह इतिहासातलं नव्हतं, चालू कामातलं होतं.

हा फरक आपल्याकडे फार उपयोगी पडतो. भारतातल्या प्रीमियर हॉकी लीगमध्ये 'मराठा वॉरियर्स' नावाचा संघ होता. 2012 च्या वर्ल्ड सिरीज हॉकीत 'मुंबई मरीन्स' होता. कबड्डीत 'पुणेरी पलटण' आहे. यांवर कोणी वाद घातल्याचं मला सापडलं नाही, आणि त्याचं कारण भाषेत आहे. 'पलटण' हा शब्द मराठीनं केव्हाच फौजेकडून काढून घेतलाय. लग्नाला आलेल्या पोराटोरांचीही आपल्याकडे पलटणच असते. 'वॉरियर' म्हटलं की घोडा आणि भाला डोळ्यांपुढे येतो, ज्यांच्याकडून आज कोणाला हिशेब मागायचा नाही. पण मिलिटरी प्रिंट किंवा बलिदान बिल्ला आजच्या, पगार घेणाऱ्या, हुकूम पाळणाऱ्या, मरणाऱ्या माणसांचा असतो. जुन्या योद्ध्याचं चित्र ही सजावट आहे. चालू फौजेचं चिन्ह लावलं की आपण एका संस्थेबद्दल बोलायला लागतो, मग ते मान्य करा की नका करू.

मायकेल बिलिग या अभ्यासकाचं 1995 चं एक पुस्तक आमच्या क्षेत्रात सगळे वाचतात. त्याचा मुद्दा साध्या शब्दांत सांगायचा तर असा: राष्ट्रवाद फक्त मोर्च्यात हलवलेल्या झेंड्यात नसतो, कचेरीवर गपगुमान लटकलेल्या, कोणाचं लक्षही न जाणाऱ्या झेंड्यातही असतो. खेळाची जर्सी या दुसऱ्या जातीची. पहिल्या दिवशी वाद होतो, दुसऱ्या हंगामात ते नुसतं कापड होतं. त्यामुळे प्रश्न विचारायचा तर पहिल्याच दिवशी विचारावा लागतो.

टोपीखाली काय झाकलं जातं

आता माझा मुख्य मुद्दा. विरोधक म्हणतात फौजेचं चिन्ह पोरांना युद्धाकडे ओढतं. मी तुमसरचा आहे, मला हे अर्धंच पटतं. आमच्याकडे पहाटे रस्त्याच्या कडेनं 1600 मीटरचा सराव करणाऱ्या पोट्ट्यांना कोणत्याही टोपीनं ओढलेलं नाही. धानाची शेती किती पोटं भरते, मॅंगनीजच्या खाणीत किती जागा निघतात, हे त्यांना माहीत आहे. त्यांच्यासाठी फौज ही आधी नोकरी आहे आणि मग गौरव. शहरातला टीकाकार हे विसरतो.

पण समर्थक जे विसरतात ते मला जास्त गंभीर वाटतं. टोपी 'फौज' असं एकच चित्र दाखवते. प्रत्यक्षात ती एक नाही.

पुलवामात मारले गेलेले जवान लष्कराचे नव्हते. सीआरपीएफ गृह मंत्रालयाखाली येतं, लष्कर संरक्षण मंत्रालयाखाली. तुम्ही म्हणाल, हे कागदावरचे भेद, मरताना काय फरक पडतो? मरताना नाही पडत. नंतर पडतो. 1 जानेवारी 2004 नंतर केंद्रीय सेवेत लागलेल्यांना जुनी पेन्शन बंद झाली. सैन्यदलांना त्यातून वगळलं, केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांना नाही. हा वाद पुढे न्यायालयात गेला. आता रांचीची टोपी आठवा. श्रद्धांजली सीआरपीएफच्या जवानांना, टोपीची छपाई लष्कराची, आणि टोप्या वाटल्या लष्करात मानद हुद्दा असलेल्या धोनीनं. सीआरपीएफही कारवाईत अशा छटांचे कपडे वापरतं, हे मान्य. पण ज्यांच्यासाठी टोपी घातली, त्यांच्या दलाचं चिन्ह त्या टोपीवर नव्हतं. मैदानावरचा प्रेक्षक 'जय जवान' म्हणून घरी गेला. कोणता जवान आणि त्याच्या बायकोच्या हाती महिन्याला काय येणार, हा प्रश्न टोपीखाली राहिला.

दुसरं उदाहरण आपल्या जिल्ह्यातलं. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला 1964 पासून आयुध निर्माणी आहे. 24 जानेवारी 2025 ला तिथे स्फोट झाला, त्यात कामगार गेले. तोफगोळ्यात, रॉकेटमध्ये जे भरलं जातं ते हाताळणारी ही माणसं. त्यांना गणवेशाचा मान नाही, हुद्दा नाही, बिल्ला नाही. विनिपेगच्या लोगोत विमान आहे, ते विमान नटबोल्ट लावून उभं करणारा नाही. कोणत्याच देशाच्या कोणत्याच जर्सीवर तो येत नाही. त्याचं चित्र काढायचं म्हटलं तर काय काढणार? डबा घेऊन सकाळच्या पाळीला निघालेला माणूस. ते विकलं जात नाही.

आणि तिसरं, ते धावणारे पोट्टे. जून 2022 मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची सेवा, आणि त्यातून जास्तीत जास्त 25 टक्क्यांना कायम करणार. मी एकाला टोपीबद्दल विचारलं. तो म्हणाला, "टोपी मस्त आहे जी. मी पण घेतली बाजारातून. पण चार वर्षांनंतर का करायचं, ते कोणी सांगत नाही." यात टोपीचा राग नाही, आणि तिच्यावर भाबडा विश्वासही नाही. आमच्या चर्चासत्रांत मी इतकं नेमकं वाक्य क्वचित ऐकलंय.

एक आक्षेप

माझ्या लिखाणावर नेहमी येणारा आक्षेप: "निधी तर दिला ना? मग तुझं का जाते?" बरोबर आहे, दिला. राष्ट्रीय संरक्षण निधी सैन्यदलांबरोबर निमलष्करी दलांच्या कुटुंबांसाठीही असतो, त्यामुळे ती मदत योग्य ठिकाणी गेली. रांचीच्या सामन्यातलं मला सगळ्यात चांगलं वाटतं ते हेच. पण लक्षात घ्या, आपल्याला आठवते ती टोपी. मानधन दिल्याचं किती जणांना आठवतं? चिन्ह मदतीपेक्षा मोठं झालं, ही माझी तक्रार आहे. आदर दाखवण्यात काही वाईट नाही. वाईट हे की आदर दाखवला की हिशेब विचारायची दारं बंद होतात, आणि जो विचारेल तो 'फौजेच्या विरोधात' ठरतो. विनिपेगला तेच झालं, आपल्याकडेही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. पुढच्या वेळी एखाद्या संघाच्या अंगावर फौज दिसली, तर लगेच टाळी किंवा लगेच शिवी, दोन्ही नको. आधी विचारा: हे चिन्ह नेमकं कोणत्या दलाचं? ज्यांच्या नावानं लावलं ते त्याच दलाचे आहेत का? त्यांच्या पेन्शनीचं, कंत्राटाचं, सुरक्षेचं काय चाललंय? सामना सुरू असताना शेजारच्यानं हे विचारलं तर चिडू नका. तोही त्याच जवानाबद्दल बोलतोय.

हातमोजे किंवा टोपी यांवर तुमचं मत वेगळं असेल तर जरूर कळवा, प्रबंधात विरोधी बाजू थोडी कमजोर आहे असं गाइडही म्हणतात. पुढच्या लेखात दंडावरच्या काळ्या पट्टीबद्दल लिहीन: ती शोकाची कधी असते आणि निषेधाची कधी होते.