सोंग, साक्ष आणि वस्ती

माहितीपटाचे सोंग घेतलेल्या दूरचित्रवाणी मालिकेतून गुन्हेविषयक विनोदी चित्रपट निर्माण होतो, तेव्हा त्या सोंगाचे काय होते, हा प्रश्न ‘ट्रेलर पार्क बॉईज : काउंटडाउन टु लिकर डे’ (२००९) या कॅनेडियन चित्रपटाच्या निमित्ताने उपस्थित होतो. माइक क्लॅटनबर्ग यांची मूळ मालिका २००१ मध्ये सुरू झाली. तीवर आधारलेला पहिला चित्रपट २००६ चा. प्रस्तुत चित्रपट हा दुसरा. नोव्हा स्कोशियातील सनीव्हेल ही चाकांवरच्या घरांची वस्ती, तेथील रिकी, ज्युलियन व बबल्स हे तीन मित्र आणि त्यांच्यावर डूख धरून असलेला मद्यपी व्यवस्थापक लाही, एवढी तिची सामग्री.

या मालिकेतील विनोदाचे मर्म चोरीत नसून साक्षीत आहे. रिकी गुन्हा करतो आणि चित्रणपथकापुढे त्याचे समर्थनही करतो. शब्द चुकतात, तर्क कोसळतो. तथापि बोलण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. तमाशातील सोंगाड्याही वगाबाहेर डोकावून प्रेक्षकांशी असाच संधान बांधतो. त्याच्या अडाणीपणाने राजाचेच शहाणपण उघडे पडते. म्हणून दरिद्री माणसांची येथे केवळ टवाळी होते, हा आक्षेप मालिकेपुरता तरी टिकत नाही.

चित्रपटाविषयी मात्र तो सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. तिघे तुरुंगातून सुटतात तेव्हा लाहीने नवी, नीटनेटकी वसाहत उभारलेली असते आणि ज्युलियनची जागा तिला अडसर ठरते. ज्युलियनला मोटारदुरुस्तीचा धंदा काढावयाचा आहे. रिकीस बारावी उत्तीर्ण व्हावयाचे आहे. हे साधे मनोरथ ढासळून कथा बँकेवरील दरोड्याकडे वळते. कथानकास वेग येतो, परंतु साक्ष मागे पडते. चित्रण कोण करीत आहे याचा विसर पडतो. अपवाद लाहीचा. जॉन डन्सवर्थ यांनी रंगविलेले त्याचे पुन्हा व्यसनाधीन होणे हास्यास्पद असूनही करुण आहे. दंड हाती असलेला मनुष्यही त्याच वस्तीचा कैदी आहे, हे त्यातून उमगते.

हा प्रश्न पालघर जिल्ह्यास परका नाही. तारापूरचे अणुविद्युत केंद्र १९६९ मध्ये कार्यान्वित झाले. पुढे त्याच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठविण्यात आली. औद्योगिक वसाहतीमुळे बोईसरच्या चाळींत नाना प्रांतांचे कामगार वसले. जागा कोणाची आणि उठावे कोणी, हा सनीव्हेलमधील तंटा येथे विनोदाचा विषय नव्हता, हा भेद अर्थातच मोठा आहे. मराठीत हा प्रकार रुजला नाही असेही नाही. ‘भाडिपा’च्या ‘कास्टिंग काऊच विथ अमेय अँड निपुण’ (२०१६) या मालिकेत नट स्वतःचीच सोंगे घेतात. परंतु ते हास्य चित्रसृष्टीच्या अंगणातले आहे. ते बोईसरच्या चाळीत न्यावयाचे झाल्यास दरोड्याची योजना गौण ठरेल. उठविलेल्या माणसास आपली बाजू चुकतमाकत, पण स्वतःच्या तोंडाने मांडू दिली जाते की नाही, यावरच अशा विनोदाची प्रतिष्ठा अवलंबून राहील.