‘मी होतो’ आणि ‘मी ऐकले’

ग्रंथावर टीका करणाऱ्याला एक मोठी सोय असते. त्याचे मत कोणास पटले नाही, तर वाचक कपाटातून मूळ ग्रंथ काढून त्या मताची खातरजमा करू शकतो. चित्राचे व शिल्पाचेही तसेच; मूळ कृती आपल्या जागी उभी असते आणि टीकाकाराच्या बऱ्यावाईट न्यायाची मुकाट्याने साक्ष देत राहते. जलशाची गोष्ट निराळी. दिवे मालवले, श्रोते जिना उतरून रस्त्यावर आले, की टीकेचा विषयच नाहीसा होतो. मागे राहतात ती श्रोत्यांची मते. आणि पुढच्या पिढीला त्या सायंकाळविषयी जे कळावयाचे, ते बहुधा या मतांच्या द्वारेच कळते. वाचकाच्या मतापेक्षा श्रोत्याच्या मतावर अधिक जबाबदारी येते ती यामुळेच.

पाश्चात्य रॉक संगीताच्या चाहत्यांनी अशा मतांचा जेवढा पसारा मांडला आहे, तेवढा दुसऱ्या रसिकवर्गाने क्वचितच मांडला असेल. कालचा जलसा कसा झाला, कोणते गीत गाळले, कोणते लांबवले, गायकाचा आवाज कोठे फुटला, कोणाच्या गिटारीने सगळ्यांना झाकून टाकले, याची चर्चा करण्यात त्यांना जलशाइतकाच आनंद वाटतो. या चर्चेला टीका म्हणावे काय? व्यवसायी टीकाकार नाक मुरडून म्हणतात की, चाहता हा आधीच प्रेमात पडलेला. त्याच्याकडून न्याय कसला मिळणार? हा आक्षेप अर्धाच खरा आहे. व्यवसायी टीकाकार एका संचाचा एक जलसा ऐकून दुसऱ्या दिवशी आपला अभिप्राय छापतो. चाहत्याने त्याच संचाचे वीस जलसे ऐकलेले असतात, आणि आजच्या गीतात कालच्यापेक्षा काय बदलले हे त्याच्या कानाला चटकन कळते. प्रेमाने दृष्टी आंधळी होते तशीच ती सूक्ष्मही होते. तेव्हा चाहत्याच्या प्रेमाविषयी आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न त्याच्या साक्षीविषयी आहे. ‘मी तेथे होतो’ हे विधान बोलणाऱ्याविषयी काही सांगते; ‘मी हे ऐकले’ हे विधान संगीताविषयी काही सांगते. पहिले विधान पुष्कळांना करता येते व करावेसे वाटते. दुसरे फार थोड्यांना साधते. हा भेद स्पष्ट व्हावा म्हणून तीन सायंकाळी येथे तपासून पाहू. त्यांपैकी दोन एकाच इमारतीतल्या आहेत.

मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये १७ मे १९६६ रोजी बॉब डिलन यांचा जलसा झाला. पूर्वार्धात ते एकटेच रंगमंचावर होते; हातात साधी गिटार व गळ्यात अडकवलेला माउथऑर्गन. श्रोत्यांनी तो भाग तल्लीन होऊन ऐकला. उत्तरार्धात विजेच्या गिटारी व ढोल घेऊन पाच साथीदार आले आणि सभागृहात चलबिचल सुरू झाली. लोकगीतांच्या साधेपणावर निष्ठा ठेवणाऱ्या श्रोत्यांना हा गोंगाट म्हणजे बाजारापुढे पत्करलेली शरणागती वाटली. दोन गीतांच्या मध्ये संथ, उपरोधिक टाळ्यांचा ठेका पडू लागला. आणि शेवटच्या गीतापूर्वी एका श्रोत्याने ‘जूडास!’ अशी आरोळी ठोकली. ख्रिस्ताला शत्रूच्या हाती देणाऱ्या शिष्याचे ते नाव. डिलन यांनी त्या इसमाला खोटारडा ठरवले, साथीदारांना मोठ्याने वाजवण्यास बजावले आणि गीताला प्रारंभ केला. हा सारा प्रसंग ध्वनिमुद्रित झाला होता. पुढे त्याच्या चोरट्या प्रती लंडनच्या रॉयल आल्बर्ट हॉलमधील जलसा म्हणून रसिकांत फिरल्या आणि अधिकृत ध्वनिमुद्रिका निघावयास १९९८ साल उजाडले. तोपर्यंत स्थळाची ती चूक इतकी रूढ झाली होती की, अधिकृत आवृत्तीच्या नावातही आल्बर्ट हॉलचे नाव अवतरणचिन्हांत ठेवावे लागले!

एका शब्दाची ही टीका जगप्रसिद्ध आहे. ती टीका म्हणून कशी आहे? काळाने तिच्याविरुद्ध निकाल दिला, असे आज सर्वत्र म्हटले जाते, आणि ध्वनिमुद्रण ऐकताना तो उत्तरार्ध दुर्मीळ आवेशाचा वाटतो यात संशय नाही. परंतु त्या श्रोत्याला हसण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आरोळी आपलीच होती असे पुढे दोघांनी सांगितले. त्यांपैकी एकाची तक्रार अशी की, सभागृहात आवाजाची व्यवस्था इतकी वाईट होती की उत्तरार्धातील शब्द धड ऐकूच येत नव्हते. आपण आज जे ऐकतो ते यंत्राने नीट टिपलेले संगीत. खुर्चीवर बसलेल्या त्या मनुष्याच्या कानी पडला तो कदाचित नुसता कल्लोळ. ज्या कवीच्या शब्दांसाठी तो पैसे मोजून आला होता, ते शब्दच त्याला मिळाले नाहीत. ‘शब्द ऐकू येत नाहीत’ एवढेच तो म्हणता, तर ती रास्त टीका झाली असती, आणि त्या रात्रीविषयी आपल्या ज्ञानात तिने मोलाची भर घातली असती. त्याने त्याऐवजी निष्ठेचा प्रश्न काढला. ऐकलेल्या दोषाची जागा अपेक्षाभंगाने घेतली, आणि साक्षीदार एकदम न्यायाधीश झाला. चाहत्यांच्या टीकेतील हा पहिला दोष. डिलन यांच्यावर तुटून पडणारे लोक त्यांचे शत्रू नव्हते. ते त्यांचे सर्वांत जुने भक्त होते. भक्ताला आपल्या दैवताची मूर्ती बदललेली खपत नाही.

याच इमारतीत वरच्या बाजूस एक लहान सभागृह होते. तेथे ४ जून १९७६ रोजी सेक्स पिस्टल्स या लंडनच्या संचाचा जलसा झाला. तो घडवून आणला होता हॉवर्ड डिव्होटो व पीट शेली या दोन स्थानिक तरुणांनी. तिकीट होते पन्नास पेन्स. उपस्थितांची संख्या चाळीसच्या आसपास असल्याचे सांगतात. पण त्या चाळिसांतून काय निघाले पाहा. पीटर हुक व बर्नार्ड समनर हे दोन मित्र तेथे होते. हुक यांनी दुसऱ्याच दिवशी बास गिटार विकत घेतली, आणि पुढे या दोघांच्या सहभागाने जॉय डिव्हिजन व न्यू ऑर्डर हे संच उभे राहिले. खुद्द संयोजकांनी बझकॉक्स नावाचा संच काढला, आणि जानेवारी १९७७ मध्ये सुमारे पाचशे पौंड उसने घेऊन आपली पहिली ध्वनिमुद्रिका कोणत्याही कंपनीच्या आश्रयावाचून स्वतःच प्रसिद्ध केली. मोठ्या कंपन्यांच्या बाहेर राहून संगीत करणाऱ्यांचा जो संप्रदाय आज ‘इंडी’ या नावाने ओळखला जातो, त्याच्या इंग्लंडमधील आरंभीच्या पायऱ्यांत या ध्वनिमुद्रिकेची गणना होते.

एवढे महत्त्व आल्यावर त्या सायंकाळी आपण हजर होतो असे सांगणाऱ्यांची संख्या वाढत गेली, यात नवल नाही. मँचेस्टरमध्ये हा एक विनोदच होऊन बसला की, जेवढे लोक आपण तेथे होतो म्हणून सांगतात तेवढे त्या सभागृहात मावलेच नसते. कोण खरोखर होते व कोण नव्हते याचा छडा लावण्यासाठी डेव्हिड नोलन यांना एक पुस्तकच लिहावे लागले, आणि त्याचे नावही ‘शपथेवर सांगतो, मी तेथे होतो’ अशाच अर्थाचे आहे. सहा आठवड्यांनी, २० जुलै रोजी, त्याच ठिकाणी त्याच संचाचा दुसरा जलसा झाला. कित्येकांच्या स्मरणात हे दोन्ही जलसे एकमेकांत मिसळून गेलेले दिसतात. येथे चाहत्याच्या मताचा दुसरा दोष उघडा पडतो. ‘मी होतो’ ही एक मालमत्ता बनते; तिचा भाव जसजसा चढतो तसतसे तिचे वारस वाढतात, आणि प्रत्यक्ष काय ऐकले या प्रश्नाला उत्तर देणारा मात्र क्वचित सापडतो.

परंतु एक सापडतो. सतरा वर्षांच्या एका मुलाने त्या जलशानंतर ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या साप्ताहिकाला पत्र लिहिले व ते त्याच महिन्यात छापून आले. पुढे द स्मिथ्स या संचाचा गायक म्हणून प्रसिद्धीस आलेला मॉरिसी तो हाच. त्या छोट्या पत्रात वादकांच्या जुन्या बाजारातल्यासारख्या कपड्यांची थट्टा आहे. संगीत विसंवादी होते व शब्द जेमतेम ऐकू येत होते, असे स्पष्ट सांगितले आहे. आणि तरीही हजर असलेले थोडेसे लोक वाटेत नाचू लागले व संचाला दोनदा परत बोलावणे आले, हेही नोंदवले आहे. ‘थोडेसे लोक’ हा उल्लेख पुढच्या साऱ्या दंतकथेवरचा केवढा मार्मिक अभिप्राय ठरला! पत्र लिहिताना ती सायंकाळ ऐतिहासिक होणार आहे हे त्या मुलाला ठाऊक नव्हते. त्यामुळे तिच्यात स्वतःला बसवण्याची घाई त्याला झाली नाही. गुण आणि दोष त्याने एकाच श्वासात सांगितले, आणि दोषांमुळे गुण खोटा ठरत नाही हे जाणले. आमच्या मते चाहत्याने केलेल्या टीकेचा हा उत्तम नमुना होय. त्याचे वय व त्यातील पोरकट थट्टा यांनी त्याची किंमत उणावत नाही.

तिसरी सायंकाळ अमेरिकेतील. ग्रेटफुल डेड हा कॅलिफोर्नियाचा संच १९६५ पासून १९९५ पर्यंत, म्हणजे त्याचा अग्रणी जेरी गार्सिया याच्या निधनापर्यंत, फिरतीवर राहिला आणि त्याने दोन हजारांहून अधिक जलसे केले. एकच गीत दोन रात्री सारखे वाजवावयाचे नाही, ही या संचाची रीत. आपल्याकडील मैफलीच्या श्रोत्याला ती लगेच समजेल. चाहत्यांनी यंत्रे नेऊन जलसे मुद्रित करावयास आरंभ केला, आणि संचाने त्यांना अडवण्याऐवजी ऑक्टोबर १९८४ पासून सभागृहात त्यांच्यासाठी वेगळी जागाच राखून ठेवली. फितींची अदलाबदल करावी, पण त्यांवर पैसा मिळवू नये, एवढीच अट. परिणाम असा झाला की, या चाहत्यांचे मत तपासता येऊ लागले. अमुक रात्री अमुक गीत अप्रतिम झाले असे कोणी म्हणाला, की दुसरा फीत लावून म्हणे, ‘दाखव कोठे!’

८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये झालेला जलसा या संचाचा सर्वश्रेष्ठ जलसा होय, असे चाहत्यांच्या मोठ्या वर्गाचे मत आहे. दोन गीते मध्ये न थांबता एकमेकांत कशी विरघळली, ‘मॉर्निंग ड्यू’ या गीताचा अखेरचा भाग कसा पायरीपायरीने चढत गेला, याचे ते बारकाईने वर्णन करतात. बेटी कँटर-जॅक्सन यांनी केलेले त्या रात्रीचे मुद्रण इतके स्वच्छ आहे की, रात्र श्रेष्ठ की मुद्रण श्रेष्ठ, असा प्रतिपक्षही निर्माण झाला. कोणी म्हणतात, दुसऱ्याच दिवशीचा बफलो येथील जलसा याहून सरस. २०११ च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-सूचीत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने कॉर्नेलच्या जलशाला स्थान दिले व २०१७ साली त्याची अधिकृत ध्वनिमुद्रिका निघाली. तरी वाद मिटला नाही, आणि मिटू नये. कारण या वादात ‘मी होतो’ याला मान असला तरी ते शेवटचे प्रमाण नाही. ज्याचा जन्मही १९७७ साली झाला नव्हता तोही कान देऊन ऐकेल तर वादात उतरू शकतो. डिक लात्वाला नावाचा असाच एक चाहता फिती जमवता जमवता व त्यांवर टिपणे करता करता खुद्द संचाच्या संग्रहाचा रक्षक झाला, आणि १९९३ पासून त्याच्या निवडीने जुन्या जलशांच्या ध्वनिमुद्रिकांची मालिका निघू लागली. रसिकाची अभिरुची तपासणीला उतरली की तिला असा अधिकार प्राप्त होतो.

कोणी म्हणतील, मग यंत्र असता श्रोत्याची गरज काय? तर यंत्राला सभागृह ऐकू येत नाही. १९६६ च्या ध्वनिमुद्रिकेत शब्द स्वच्छ आहेत. ते मागच्या खुर्चीपर्यंत पोहोचले नाहीत हे श्रोत्यानेच सांगावयाचे. उलट, जेथे यंत्र नव्हते तेथे श्रोत्याच्या एकट्या साक्षीवर किती भार पडतो, हे मराठी रसिकाला सांगावयास नको. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व व केशवराव भोसले यांनी मिळून केलेल्या ‘संयुक्त मानापमाना’त कोणाची सरशी झाली, यावर दोन्ही पक्षांचे चाहते पुढे कित्येक वर्षे भांडत राहिले. केशवराव त्याच वर्षी वारले. त्या रात्रीच्या गाण्याविषयी आपल्यापाशी आज आहेत ती केवळ मते. आणि त्यांपैकी ज्यांत पक्षाभिमानापलीकडे एखाद्या पदाचे, एखाद्या तानेचे वर्णन आहे, तेवढीच आपल्या उपयोगाची.

आता काळ असा आला आहे की, प्रत्येक श्रोत्याच्या खिशात मुद्रणयंत्र आहे. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले या इंग्रजी संचाचे जलसे नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर झाले, तेव्हा त्यांची असंख्य चलच्चित्रे घरोघरी पोहोचली. याच जगभरच्या दौऱ्यात त्या संचाचा गायक एक गीत मध्येच थांबवून श्रोत्यांना फोन खाली ठेवण्याची विनंती करीत असे. डिलन यांनी तर २०२२ सालच्या आपल्या इंग्लंडच्या दौऱ्यात श्रोत्यांचे फोन पिशव्यांत कुलूपबंद करविले. ज्यांना एकेकाळी श्रोत्यांच्या आरोळ्या ऐकाव्या लागल्या, त्यांना आता श्रोत्यांचे लक्ष मागून घ्यावे लागते! डेडच्या चाहत्याची फीत दुसऱ्याने ऐकावी म्हणून होती. आजची पुष्कळ चित्रे ‘मी होतो’ याचा दाखला म्हणून घेतली जातात आणि घेणाराही ती पुन्हा पाहात नाही. साधन वाढले, पण साक्ष वाढली असे म्हणवत नाही.

यावर उपाय बंदीने होणार नाही. तो श्रोत्याने स्वतःच करावयाचा आहे. जलशाहून परतल्यावर मत द्यावे, अवश्य द्यावे; मात्र आपण कोठे बसलो होतो, तेथे काय ऐकू आले व काय आले नाही, आपण कोणती अपेक्षा घेऊन गेलो होतो आणि तिचे काय झाले, हे आधी सांगावे. आवडनिवड त्यानंतर. असे चार ओळींचे टिपणही पुढच्या रसिकाला त्या सभागृहाचे दार किंचित उघडून देते. मँचेस्टरचा फ्री ट्रेड हॉल आज हॉटेल झाला आहे. तेथील वरच्या सभागृहात ४ जून १९७६ रोजी काय घडले हे ज्यांना जाणून घ्यावयाचे आहे, त्यांना शेकडो शपथांपेक्षा सतरा वर्षांच्या मुलाचे एक पत्र अधिक सांगते.