बाजरीची भाकरी आणि शुक्रवारचा उपास

पंडिता रमाबाईंवर मराठीत कमी लिहिलं गेलेलं नाही. पण ते वाचत गेलं की एक गोष्ट खटकते. 1889ला शारदा सदन निघतं, 1893ला धर्मांतराच्या प्रश्नावरून वाद पेटतो, सल्लागार मंडळ राजीनामे देतं, आणि तिथून पुढे लिहिणाऱ्याचा उत्साहच ओसरतो. केडगावातली जवळजवळ पंचवीस वर्षं एखाद्या परिच्छेदात आटोपतात. मीरा कोसंबी आणि उमा चक्रवर्ती यांच्यासारख्या अभ्यासकांमुळे रमाबाई पुन्हा चर्चेत आल्या, हे खरं. तरीही आपल्याला सुधारक रमाबाई हव्या असतात. पहाटे शेकडो मुलींसोबत गुडघे टेकून बसलेल्या रमाबाई दिसल्या की आपण पान उलटतो.

मला ते पान उलटता येत नाही, कारण मी परभणीतल्या एका ख्रिस्ती घरात वाढले. शुक्रवारची उपास-प्रार्थना आमच्याकडे वाढदिवसासारखी क्वचित येणारी गोष्ट नव्हती, दर आठवड्याची होती. सकाळी दहाला पत्र्याच्या हॉलमध्ये जमायचं, तीनपर्यंत पोटात पाण्याशिवाय काही नाही. गल्लीतल्या काकू विचारायच्या, साबुदाणा चालतो का गं? नाही. भगर? तीही नाही. त्यांना आमची दया यायची. रोजे धरणाऱ्या शेजाऱ्यांना मात्र काही समजावून सांगावं लागायचं नाही.

तर रमाबाईंच्या लिखाणातली भूक. तिच्याकडे साहित्य म्हणून कुणी नीट पाहिलंय असं मला वाटत नाही.

1897मध्ये मध्य प्रांतातल्या दुष्काळात फिरून आल्यावर रमाबाईंनी स्वतःच्या घरावर आलेल्या दुष्काळाबद्दल लिहिलं, आणि 1907च्या आत्मनिवेदनात तो विषय पुन्हा घेतला. दोन्ही लेखन इंग्रजीत आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान, पुराणं सांगून कुटुंब जगवणारे. 1870च्या दशकातल्या दुष्काळात पैसा संपला, भांडी गेली, दागिने गेले. तोवर या कुटुंबानं काय काय केलं, ते रमाबाई जमाखर्चासारखं मांडतात: तीर्थयात्रा, स्नानं, पूजा, दानं, उपास. शेवटी जंगलात अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानटी खजुरांवर निघाले. वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं होतं. या भागाचं गद्य कोरडं आहे, आणि तीच त्याची ताकद. एवढे उपास करून देव का बोलला नाही, हा प्रश्न त्या ओरडून विचारत नाहीत. यादी वाचून होते आणि प्रश्न आपल्याच घशात अडकतो.

पुढे आईचा प्रसंग येतो. आई मरणाच्या दारात आहे, तिला बाजरीची भाकरी खावीशी वाटते. मुलगी शेजारच्या बाईकडे मागायला जाते. लाजेनं ओठ थरथरतात, शब्द फुटत नाही. भाकरी मिळते, पण आईला ती खाता येत नाही. मराठी बाईनं भुकेवर लिहिलेली इतकी नेमकी जागा मला दुसरी माहीत नाही. गंमत म्हणजे ती आपल्या साहित्याच्या इतिहासात नाही. इंग्रजीत लिहिली म्हणून, की मिशनच्या पुस्तिकेत छापली म्हणून?

हा प्रसंग लक्षात ठेवून 1887चं ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ वाचा. विधवेला दिवसातून एकदाच जेवण, आणि घरच्या सणासमारंभात तिनं दिसायचं नाही, हे रमाबाई तिथे सांगतात. म्हणजे विधवेचा उपास फक्त पोटाचा नाही. तो पंगतीतून हाकललेपणा आहे. सगळे जेवत असताना एकटीनं उपाशी राहणं.

आता 1905. जानेवारीत रमाबाईंनी मुक्ती सदनातल्या मुलींना रोज एकत्र प्रार्थनेला बोलावलं. सत्तर जणी पुढे आल्या. जूनच्या शेवटाला दिवसातून दोनदा जमणाऱ्या साडेपाचशे झाल्या. मग जे झालं त्याला त्या वर्तुळात ‘संजीवन’ म्हणतात: मुली तासन् तास प्रार्थना करतायत, रडतायत, पापं कबूल करतायत, वर्ग बंद ठेवावे लागतायत. यातल्या कित्येक जणी दुष्काळातून आणलेल्या. पंगतीतून हाकललेल्या बायांना रमाबाईंनी असं एक वर्तुळ दिलं जिथे एकटीनं काही सोसायचं नव्हतं. ‘सामूहिक’ हा शब्द आपण आज फार स्वस्तात वापरतो, तिथे त्याला किंमत होती.

पण या काळाचे वृत्तांत वाचताना माझी चिडचिडही होते. मिनी अब्राम्स, हेलन डायर यांच्या पुस्तकांत मुलींचा जमाव दिसतो, आकडे दिसतात. एखादी मुलगी थांबून बोलत नाही. जिच्या घरातली माणसं भुकेनं गेली, तिला प्रार्थनेत पहिल्यांदा काय मागावंसं वाटलं? एका भाकरीसाठी ओठ कसे थरथरतात हे जिला लिहिता आलं, तिच्याच संस्थेच्या या गोष्टीत साडेपाचशे मुलींची भूक निनावी राहिली. याला मी लेखनातली उणीव म्हणेन. भक्तीच्या नावाखाली ती झाकायचं कारण नाही.

मराठवाड्यात हा प्रश्न आणखी टोचतो. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल वसवलं तेव्हापासून इकडच्या मंडळ्यांत मोठा भरणा दलित समाजातला आहे. यांच्या आज्या-पणज्यांना उपाशी राहायला कुठल्या वाराची गरज नव्हती. माझी आजी 1972ला रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. सुकडी आणि लाल मिलो ज्वारी यांच्यावर वर्ष काढलं. तिनं आपखुशीनं उपास का धरावा, हे मला कॉलेजात असताना अजिबात पटायचं नाही. गरिबाला उपास शिकवणारा धर्म मला संशयास्पद वाटायचा.

अजूनही थोडा वाटतो. आजच्या उपास-प्रार्थनांची पोस्टरं बघा. नोकरी, व्हिसा, पोलीस भरती, मूलबाळ: एकवीस दिवस उपास करा आणि घेऊन जा. शुगरची गोळी घेणारी माणसंही दिवसभर बसतात आणि त्यांना कुणी उठवत नाही. डोंगरे कुटुंबानं तीर्थोतीर्थी जो सौदा केला आणि जो फसला, तोच हा. त्या मानानं वसईच्या कॅथलिकांचा हिशोब साधा. राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार हे दोन सक्तीचे उपास, अठरा ते एकोणसाठ वयासाठी, आणि त्या दिवशीही एक पूर्ण जेवण चालतं.

बायबलमध्ये सामुदायिक उपासाची सगळ्यात तिखट समीक्षा आहे ती यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात. लोक तक्रार करतात की आम्ही उपास केला तरी देवानं पाहिलं नाही. उत्तर मिळतं की तुम्ही उपास धरून मजुरांना राबवता. भुकेल्याला आपली भाकर वाटून दे, तो माझा उपास. रमाबाईंनी केडगावात बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं. ते छापून निघालं 1924ला, त्या गेल्यानंतर दोन वर्षांनी. म्हणजे हा अध्याय त्यांच्या हाताखालून शब्दाशब्दानं गेला, आणि छपाईच्या कामात सदनातल्याच बायका होत्या. अनंतशास्त्र्यांच्या मुलीनं ती तक्रार मराठीत उतरवताना तिच्या मनात काय आलं असेल, यावर एक अख्खी कादंबरी होऊ शकते. कुणी लिहिली तर मी पहिल्या दिवशी विकत घेईन.

आजीला यशयाचा आकडा सांगता यायचा नाही. शुक्रवारी सकाळी ती नेहमीएवढंच ज्वारीचं पीठ मोजायची आणि स्वतःच्या दोन भाकरींचं एका डालड्याच्या डब्यात टाकायची. महिनाअखेरीला डबा गल्लीत कुणाकडे जायचा ते आम्हाला कळू द्यायची नाही. डबा रिकामा परत आला की धुऊन उन्हात पालथा घालायची.