संग्रह, वाचन आणि सहवास

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ साली स्थापन झाले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली. या दोन शेजारी शहरांतील संस्थांची नावेच दोन भिन्न आदर्श सूचित करतात. एकीचा भर वाचनावर, दुसरीचा संग्रहावर. ठाण्याच्या संस्थेच्या स्थापनेत 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे यांचा पुढाकार होता, हे ध्यानी घेता तेथे संग्रहास प्राधान्य मिळाले यात नवल नाही. परंतु वस्तीने सहज एकत्र यावे असे स्थान, हा ग्रंथालयाचा तिसरा अर्थ मराठी ग्रंथालयविचारात गौणच राहिला आहे.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी पहिली चार ग्रंथ, वाचक आणि वाचकाचा वेळ यांविषयी बोलतात; वाचकाचा वाचकाशी येणारा संबंध त्यांत उच्चारलेला नाही. ग्रंथालयास वर्धिष्णू म्हणणाऱ्या पाचव्या सूत्रात त्यास वाव आहे. पण वाव असणे म्हणजे विधान असणे नव्हे. महाराष्ट्राचा १९६७ चा कायदा झाल्यानंतर अनुदानासाठी ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग ठरले. त्यासाठी ग्रंथ, नियतकालिके व सभासद यांची गणना होते. जे मोजले जाते त्यासाठीच जागा राखली जाते. कपाटे वाढतात आणि बाके कमी होतात.

बाळकुमसारख्या ठिकाणी ही उणीव विशेष जाणवते. खाडीकाठचे आगरी-कोळ्यांचे जुने गावठाण आणि भोवतीची उंच, कुंपणबंद गृहसंकुले यांचा शेजार आहे, परिचय नाही. तेथील वाचनालयाची रचना ओटीपासून आरंभावी. कोकणी घराच्या ओटीवर आत न शिरताही पाहुण्यास बसता येते. तद्वत मुक्तद्वार वृत्तपत्रविभाग रस्त्यालगत असावा. त्यामागे बालविभाग, नंतर ग्रंथांची देवघेव, आणि अभ्यासिका सर्वांत आत किंवा वरच्या मजल्यावर. लहान घरांतील विद्यार्थ्यांना शांत कोपरा लाभणे अगत्याचेच आहे. परंतु अभ्यासिकेचे मौन साऱ्या इमारतीवर लादले की वृद्ध आणि मुले आपोआप बाहेर पडतात.

हे समाजमंदिरच झाले, असा आक्षेप संभवतो. तो टिकणारा नाही. समाजमंदिर प्रसंगापुरते उघडते आणि तेथे जाण्यास बहुधा निमंत्रण लागते. वाचनालयात जाण्यास वर्तमानपत्राचे निमित्त पुरते. अपरिचितांनी एका बाकावर बसावे आणि न बोलल्याचा संकोचही वाटू नये, ही सोय छापील कागदच करून देतो. म्हणून सहवासाचा आग्रह धरल्याने ग्रंथाचे महत्त्व उणावत नाही. उलट ग्रंथाचे एक दुर्लक्षित कार्य उजेडात येते.

अतएव वस्तीतील वाचनालयाच्या आराखड्यास एक साधी कसोटी लावावी : सभासद नसलेल्या, पुस्तक न मागणाऱ्या माणसास तेथे किती वेळ बसता येते? अनुदानाच्या तक्त्यात या प्रश्नास रकाना नाही. तो आराखड्यातच सुटला नाही, तर पुढे कोणत्याही नियमावलीने सुटणार नाही.