बीप वाजला, की पुढचं काम

'आर्क्टिक' (2018) सुरू होतो तेव्हा विमान कोसळून बर्फात अडकलेला ओव्हरगार्ड खणतोय. बर्फ बाजूला सारून खालची काळी जमीन उघडी करतोय, एवढंच दिसतं. कॅमेरा वर जातो आणि लक्षात येतं, त्याने बर्फात 'एसओएस'ची अवाढव्य अक्षरं काढली आहेत. तेवढ्यात मनगटावरचं घड्याळ बीप करतं. हातातलं काम टाकून तो पुढच्या कामाला लागतो: बर्फातल्या भोकांत सोडलेले गळ बघायचे, टेकाडावर जाऊन हाताने फिरवायच्या यंत्रावर मदतीचा संदेश पाठवत राहायचं. पुन्हा बीप. विमान कधी पडलं, घरी कोण वाट बघतंय, काही सांगितलेलं नाही. फ्लॅशबॅक नाही, स्वगत नाही. दगडांच्या एका ढिगाऱ्यापाशी तो थबकतो, त्यावरून काय ते आपणच ओळखायचं.

दिग्दर्शक जो पेना ब्राझीलचा, यूट्यूबवरच्या करामती व्हिडिओंमुळे नावारूपाला आलेला. हा त्याचा पहिलाच मोठा चित्रपट. पटकथा आधी मंगळावर घडत होती. मंगळावरचाच 'द मार्शियन' हा चित्रपट येतोय म्हटल्यावर ती पृथ्वीवर उतरली. आइसलँडमध्ये 19 दिवसांत चित्रीकरण उरकलं. हॉलिवूडच्या हिशेबात खर्चही चिल्लर, पण पडद्यावर कुठे काटकसर दिसत नाही. दिसतो तो ओव्हरगार्ड झालेल्या मॅड्स मिकल्सनचा चेहरा. सुटकेसाठी येऊन कोसळलेल्या हेलिकॉप्टरमध्ये त्याला नूडल्सचं पाकीट सापडतं. ते तो कोरडंच खातो. रोज मासा खाऊन विटलेल्या जिभेला वेगळी चव मिळाल्यावर डोळ्यांत जे येतं, त्याला संवाद लागत नाही.

त्याच हेलिकॉप्टरमधून एक जखमी तरुणी त्याच्या पदरात पडते आणि बसवलेली घडी मोडते. आतापर्यंत थांबून राहण्यात शहाणपण होतं. ती मरणाच्या दारात असताना थांबणं परवडणारं नाही. घसरगाडीवर तिला बांधून तो मदत गाठायला निघतो. नकाशावरचा जवळचा रस्ता चढणीवर अडतो. दोर लावून तो तिला वर ओढायला बघतो, पुन्हा पुन्हा बघतो, आणि शेवटी लांबचा वळसा पत्करतो. थरार म्हणावा तर तो इथे, या हिशेबात आहे. वाटेत अस्वल समोर येतं, तो प्रसंग त्यापुढे मला थोडा प्रेक्षकांच्या सोयीचा वाटला.

ती हात दाबून उत्तर देते, तेवढाच दोघांमधला संवाद. एका टप्प्यावर हात उत्तर देत नाही. ती वाचणार नाही असं धरून तो एकटा पुढे निघतो. परतल्यावर ती हलते, तेव्हा हा एरवी न बोलणारा माणूस रडत तिची माफी मागतो. इतका वेळ नेमाने, बिनचूक वागलेल्या माणसाकडून झालेली ही चूक आहे. म्हणून ती माफी इतकी लागते.

तक्रार एकच: ही तरुणी साकारणाऱ्या मारिया थेल्मा स्मारादोतिरच्या वाट्याला जवळपास सगळा चित्रपटभर पडून राहणंच आलं आहे. तिला एखादा निर्णय घेऊ दिला असता, तर घसरगाडीवरचं ते ओझं न राहता माणूस झालं असतं. शेवटही काहींना सोपा वाटेल. मला पटला, कारण आधीचं प्रत्येक पाऊल चित्रपटाने त्याच्याकडून चालवून घेतलं आहे. बघाल तर फोन बाजूला ठेवून, एका बैठकीत बघा.