'रामशास्त्री' बोलपट : एक परीक्षण

'प्रभात'चा १९४४ मधील 'रामशास्त्री' हा कृष्णधवल बोलपट आतां तबकडीवरून घरबसल्या पाहतां येतो. हवें तेथें थांबवून पुनः पाहण्याची ही सोय चिकित्सकास उपकारक होय. गजानन जागीरदारांचा शास्त्री संयमी व भारदस्त आहे. विद्याहीन मुलाची काशीस जाण्याची ओढही उत्तम उतरली आहे.

आमचा आक्षेप मुख्य प्रसंगासंबंधीं आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणरावांचा वध झाला. त्यावर शास्त्र्यांनीं राघोबादादांस सांगितलें तें, परंपरेनुसार, देहान्त प्रायश्चित्त. धर्मशास्त्राप्रमाणें दण्ड राजानें द्यावयाचा, प्रायश्चित्त पातक्यानें स्वतः घ्यावयाचें. येथें सत्ताधीशच पातकी. दण्ड देणार कोण? शास्त्र्यांचें खरें धैर्य या पेचांतच दिसतें. पडद्यावर मात्र नाट्याच्या ओघांत तें न्यायालयाच्या शिक्षेसारखें भासतें, आणि पेच हरपतो.

शिवाय ही हकीकत ग्रँट डफनें आपल्या ग्रंथांत दिली ती १८२६ मध्यें, म्हणजे वधानंतर ५३ वर्षांनीं. तत्कालीन पत्रांचा आधार दाखविल्यावांचून बोलपटांतील संवाद इतिहास म्हणून उद्धृत करणें युक्त नव्हे. 'ध'चा 'मा' याचीही तीच गत.