पाणगवतातली एक फेक

वॉलआय हा मासा धरण्याच्या अमेरिकेत जेवढ्या रीती आहेत, त्यांतली सर्वांत देखणी कोणती असे कुणी विचारले तर मी बेधडक सांगेन: दोन-अडीच मीटर पाण्यात, दाट पाणगवताच्या कडेला किंवा थेट त्या गवतात, हलकी जिग, म्हणजे शिशाचे डोके बसवलेला गळ, फेकून. पुष्कळ जाणते गळवाले यावर नाक मुरडतील. वॉलआय म्हणजे खोल पाणी, तळचा खडकाळ उंचवटा आणि त्यावरून सरपटत नेलेली जळू किंवा गांडूळ, हे समीकरण उत्तरेकडच्या तळ्यांवर पक्के बसलेले आहे. मिनेसोटातल्या ब्रेनर्डच्या अल आणि रॉन लिंडनर या भावांची १९६८ सालची ‘लिंडी रिग’ ही त्या समीकरणाची सर्वांत गाजलेली मांडणी. दोऱ्यावरून मोकळे सरकणारे शिसे, त्यापुढे दोन-तीन हात दोरा, टोकाला जिवंत आमिष, आणि बोट मंद चाललेली. मासे भरपूर मिळतात, यात वाद नाही. पण तिथे बोट चालते, जळू वळवळते आणि माणूस वाट पाहतो. गवतातल्या फेकीत मात्र दर क्षणाला हाताने काहीतरी ठरवावे लागते, आणि जिथे निवड आहे तिथेच रसिकाला बोलायला जागा मिळते.

आधी माशाविषयी थोडे. वॉलआय हा पर्चच्या कुळातला, त्या कुळातला उत्तर अमेरिकेतला सर्वांत मोठा मासा. अंग हिरवट सोनेरी, पोट पांढरे, शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका, पाठीवरच्या काटेरी पराच्या मागच्या कोपऱ्यात काळा डाग. हाती येतो तो बहुधा किलो-दीड किलोचा. मिनेसोटाने त्याला १९६५ साली राज्यमत्स्याचा मान दिला. त्याच्याही आधी, १९५९ साली, कॅनडाच्या सीमेवरच्या बॉडेट गावाने त्याचा सुमारे बारा मीटर लांबीचा पुतळा उभारला होता. चवीला मासा पांढराशुभ्र, मऊ, वासाला अगदी सौम्य. बांगड्यावर वाढलेल्या जिभेला तो जरा अतिसभ्य वाटेल, हे माझे मत तेवढे नोंदवून ठेवतो.

या फेकीचा सगळा अर्थ मात्र त्याच्या डोळ्यात आहे. वॉलआयच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा एक थर असतो. मांजराच्या डोळ्यातही असतो. आत गेलेला उजेड त्या थरावरून उलटतो आणि दृष्टिपटलातून दुसऱ्यांदा जातो. त्यामुळे अंधुक उजेडात त्याला जे दिसते ते त्याच्या भक्ष्याला दिसत नाही. पिवळा पर्च हा त्याचा आवडता घास. तो दिवसाचा प्राणी, अंधार पडला की तळाशी निवांत होतो. या दोघांच्या नजरेतल्या फरकावर वॉलआयचा संसार चालतो. शिवाय त्याच्या डोळ्यात रंग टिपणाऱ्या पेशी मुख्यतः दोन तऱ्हेच्या, एक हिरव्याकडे झुकलेली आणि दुसरी नारिंगी-तांबड्याकडे. आता पर्चकडे पाहा: हिरवट-पिवळ्या अंगावर गडद पट्टे, पोटाखालचे पर नारिंगी. दुकानातल्या शेकडो रंगांतून निवडताना माझा हात पर्चच्या रंगाकडे जातो, तो याच कारणाने.

मग उजेड टाळणारा हा मासा उथळ पाण्यात येतोच कशाला? उत्तर गवत. एप्रिलमध्ये बर्फ फुटल्यावर पाणी सहा ते दहा अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की वॉलआय खडेगोट्यांच्या तळावर अंडी सोडतो. मागोमाग पर्च विणीला येतो आणि आपल्या अंड्यांच्या लांब चिकट फिती बुडालेल्या काटक्यांवर, गवतावर पसरतो. मेच्या मध्याला मिनेसोटात वॉलआयचा हंगाम उघडतो तेव्हा नवे कोंब तळातून वर येत असतात आणि पर्च त्यांत वावरत असतो. जूनपर्यंत कोंबांचे रान होते. सावली, गारवा, लपायला जागा आणि तोंडाशी घास, एवढे मिळाल्यावर खोल जायचे कारण उरत नाही. वारा सुटून पाण्याचा पृष्ठभाग खडबडीत झाला की उजेड फुटतो, मग भर दुपारीसुद्धा मासा गवताच्या कडेला येतो. तिथले लोक त्या लाटांना वॉलआयच्याच नावाने ओळखतात. शांत, आरशासारखे पाणी छायाचित्रकाराने घ्यावे; गळवाल्याला लाट हवी.

गवत म्हणायचे एवढेच. त्यात तऱ्हा आहेत, आणि तऱ्हा न ओळखता फेकणाऱ्याला ही रीत कधी कळत नाही. सर्वांत मानाची ती रुंद पानांची, जिला गळवाले ‘कॅबेज’ म्हणतात. कोबीशी तिचे काही नाते नाही. पोटॅमोजेटॉन या कुळातल्या दोन-तीन जातींना मिळून हे नाव आहे. उंच देठ, लहरी कडांची हिरवी-तांबूस पाने, आणि देठांच्या मध्ये मोकळ्या गल्ल्या. मुख्य गुण म्हणजे पान कुरकुरीत. गळ अडकला आणि झटका दिला की ते कट्कन तुटते. दुसरी कूनटेल, तिचे तसे नाही. तिला मुळे नसतात, ती दाट झुपक्यांनी पसरते, गळाला गुंडाळून बसते आणि पसाभर हिरवा गुंता हाती येतो. हीच वनस्पती आपल्या तळ्यांतही वाढते आणि मत्स्यालयाच्या दुकानांत हॉर्नवर्ट म्हणून विकली जाते. तिसरी मिलफॉइल, पिसांसारख्या पानांची, चिवट. तिच्याकडे शेवटी येऊ.

आता फेक. साधने फार नकोत. सात फुटांची, टोकाला चपळ अशी काठी, साधे स्पिनिंग रीळ, विणलेला बारीक दोरा आणि पुढे हातभर पारदर्शक फ्लुरोकार्बन. विणलेल्या दोऱ्यावर मी अडून बसतो. नायलॉनचा दोरा ताणतो, आणि मनगटातला झटका वाटेतच खाऊन टाकतो. पानापर्यंत पोचते ती नुसती ओढ. विणलेला दोरा ताणत नाही, म्हणून झटका जसाच्या तसा पोचतो आणि पान कापले जाते. जिगचे डोके टोकदार हवे आणि दोरा ओवायचे भोक नाकावर. गोल डोक्याच्या जिगला भोक माथ्यावर असते. तिथे दोरा आणि डोके यांच्या कोनात प्रत्येक पान येऊन बसते. दिसायला हा फरक बोटाच्या पेराएवढा, पण संध्याकाळ सुखाची की गवत सोलण्याची, हे तो ठरवतो.

वजनाने लय ठरते. सात ग्रॅमची जिग गवतातून दगडासारखी खाली जाते आणि देठांच्या बुडाशी रुतते. पावणेदोन ग्रॅमची इतकी रेंगाळते की वारा दोऱ्याला फुगवून नेतो आणि हाताला काही कळेनासे होते. साडेतीन ग्रॅमची, त्यावर तीन-चार इंचांचा वल्ह्यासारख्या शेपटीचा मऊ प्लॅस्टिकचा मासा, ही मला सर्वांत समतोल वाटते. ती पडत असताना शेपटी हलत राहते.

जिग पाण्याला टेकते. इथे नवशिका लगेच रीळ फिरवू लागतो आणि फेकीतला सर्वांत मोलाचा भाग वाया घालवतो. जाणता थांबतो. जिग पडू देतो, पण मोकळी सोडत नाही. पतंगाला ढील देताना मांजा बोटावर ठेवतात तसा दोरा अर्धवट ताणात राखतो. ताण जास्त झाला तर जिग लंबक होऊन बोटीकडे ओढली जाते आणि गवताच्या गल्लीत उतरतच नाही. कमी झाला तर मासा घेऊन सोडून जाईल आणि पत्ता लागणार नाही. या दोहोंमधली रुंदी फार थोडी आहे. कोकणात खाडीकाठी गरवणाऱ्याला बोटावरच्या दोऱ्याची ही बोली समजावून सांगायला नको.

मग स्पर्श. जिग पानाला लागते आणि दोऱ्यात मऊ, किंचित लवचीक वजन येते. बाकी सगळ्या रीतींत ही अडचण आहे. इथे याच क्षणासाठी फेक केलेली असते. मनगटातून एक छोटा, कोरडा झटका. ओढायचे नाही, तोडायचे. पान फाटते, जिग हातभर उसळते, आणि लगेच पुन्हा ढील: ती शेपटी हलवत खाली पडू लागते. गवतात दबा धरून असलेल्या माशाला काय दिसत असेल? इतका वेळ स्थिर असलेल्या पानांतून काहीतरी अचानक निसटले, आणि निसटून लटपटत खाली गेले. विचाराला वेळच नाही. पोट भरलेला वॉलआयही अशा वेळी तोंड टाकतो, असा गळवाल्यांचा जुना अनुभव आहे, आणि मला तो पटतो. गवत नसते तर ही उसळी हातानेच रचावी लागली असती, आणि ती इतकी खरी झाली नसती. अडकणे आणि सुटणे यांतला ताण गवत पुरवते. माणूस तो सोडवण्याचा क्षण निवडतो. या फेकीतली कारागिरी मला इथे दिसते. ज्याला गवत नकोच आहे, जो गवताला शिव्या देत त्याच्या वरून किंवा बाजूने फेकतो, तो अर्धाच खेळ खेळतो.

वॉलआयचा घास जवळजवळ नेहमी त्या पडण्यात येतो, उसळीत नाही. तो झडप घालत नाही. जवळ येऊन तोंड आणि कल्ले एकदम उघडतो, आणि पाण्याबरोबर जिग आत ओढली जाते. हाताला येते ती एक ‘टक्’. कधी तेवढेही नाही. जिग अजून पडायला हवी होती आणि दोरा मध्येच सैल झाला, एवढीच खूण. पानाचे वजन हळूहळू वाढते आणि लवते. माशाचे वजन येते ते एकदम, आणि त्यात एक जिवंत कडकपणा असतो. लिंडी रिगवर मासा लागला की दोरा मोकळा सोडून त्याला जळू नीट गिळू देतात. इथे ती सवलत नाही. प्लॅस्टिकची चव कळायला त्याला क्षण पुरतो, म्हणून ‘टक्’ आली की काठी वर. शंका आली तरी वर. शंभरांतून कितीतरी वेळा पानच निघेल, निघू द्या.

पाइकचे नाव घेतल्याशिवाय हा भाग पुरा होत नाही. लांब जबड्याचा हा शेजारी त्याच गवतात राहतो, त्याच जिगवर येतो, आणि दातांनी दोरा कापून जिगसह पसार होतो. तारेचा दोरा लावला तर तो वाचतो, पण वॉलआयचे घास कमी होतात. मी जिगा गमावतो.

सूर्य बुडाल्यावर, गवताची टोके पृष्ठभागाच्या हातभर खाली असतील तिथे, वेगळी फेक शोभते: तरंगणारा बारीक लाकडी मासा, संथ आणि एकसारखा ओढलेला. फिनलंडच्या लौरी रापालाने १९३६ साली घडवलेली ही वस्तू. पाय्यान्ने तळ्यावर मासेमारी करताना त्याने हेरले होते की शिकारी मासा थव्यातला जखमी, किंचित लंगडत पोहणारा मासा निवडतो. ते लंगडणे त्याने बुचाच्या लाकडात कोरले, चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी वर लावली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला. १९६२ च्या ऑगस्टमध्ये ‘लाइफ’ मासिकात त्यावर लेख आला. मुखपृष्ठावर नुकतीच वारलेली मेरिलिन मन्रो होती, अंक हातोहात खपला आणि मिनिॲपोलिसच्या आयातदारांकडे मागणीचा पूर लोटला. त्या लटपटीला मी हात जोडतो. पण तिथे सगळी कला घडवणाऱ्याची आहे. ओढणाऱ्याने फक्त हळू ओढायचे. जिग मात्र शिशाचा मुका गोळा आहे. हाताने दिलेले तेवढेच तिच्यात असते. म्हणून मला जिग वरच्या पंक्तीतली वाटते.

हल्ली बोटींवर समोरच्या पाण्यातला मासा जिवंत पडद्यावर दाखवणारी सोनार यंत्रे आली आहेत, आणि मोकळ्या पाण्यात त्यांनी खेळ पार बदलला. दाट गवतात पडदा देठांच्या गोंधळाने भरून जातो. मला याचे दुःख नाही.

सप्टेंबरनंतर रान विरळ होते, पाने तपकिरी पडतात. जिथे हिरवा झुपका तग धरून असतो तिथेच पर्च आणि वॉलआय गोळा होतात, आणि कूनटेलसुद्धा तेव्हा किमती ठरते, कारण ती सर्वांत उशिरापर्यंत हिरवी राहते.

राहिली मिलफॉइल. तिची युरोप-आशियातून आलेली जात मिनेसोटात १९८७ साली मिनेटोंका तळ्यात सापडली. तिचा तुटलेला तुकडासुद्धा रुजतो आणि नवे झाड होते. म्हणजे कॅबेजमध्ये शोभणारा झटका तिच्या रानात नवी लागवड करतो. तिथे जिग फेकू नये, कडेने जावे. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात ती बहुतेक वेळा बोटीला आणि ट्रेलरला चिकटून जाते. मुलांकडे किंवा नोकरीनिमित्त तिकडे गेलेल्या कुणाला ही फेक करून पाहावीशी वाटली, तर मासेमारीचा परवाना काढा, आणि परतताना एवढे करा: बोट, ट्रेलर आणि नांगर यांवरचे सगळे पाणगवत धक्क्यावरच काढून टाका, आणि बोटीच्या तळाचे बूच काढूनच गाडी रस्त्यावर आणा. मिनेसोटात तो कायदा आहे.